कसंतरी

"मला नीट सांगता ईना बगा, बाई." दाराच्या कडीवर हात ठेवून मावशी एवढंच म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. पौषातली सकाळ होती. कारखान्यांचा सीझन भरात होता, दवाखान्यासमोरून उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक चालल्या होत्या, आणि त्या धडधडाटात बाकांवरचा खोकला, रडणारं एखादं पोर, नंबर पुकारणारा कंपाउंडर असं सगळं मिसळून गेलं होतं. मावशी बाहेर पडायच्या आतच पुढचा पेशंट खुर्चीपर्यंत पोचला होता. मी त्याला 'बसा' म्हटलं आणि मावशींचा केसपेपर गठ्ठ्याखाली सरकवला. त्या दोन-तीन सेकंदांचं चित्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. हात कडीवर, पदर डोक्यावरून जरासा मागे घसरलेला, नजर माझ्या टेबलावर कुठेतरी, आणि तोंडात न आलेला शब्द. त्या थांबल्या होत्या. मी थांबले नाही.

त्याच्या आधीची चार मिनिटं अशी होती. मावशींचं वय ६२, ११ वर्षांपासून शुगर, गोळ्या वेळच्या वेळी घेणारी बाई, दर महिन्याला सुनेबरोबर येणारी. बसल्या बसल्या म्हणाल्या, "कालधरनं कसंतरीच हुतंय." मी लगेच विचारलं, "कसंतरी म्हणजे? छातीत दुखतंय का?" "न्हाई." "दम लागतोय?" "न्हाई ओ." "चक्कर? उलटी? पोटात जळजळ?" या शेवटच्या प्रश्नावर त्या किंचित अडखळल्या, आणि मी ते अडखळणं हेच उत्तर धरलं. नाडी ९६ होती, ब्लडप्रेशर चांगलं होतं, शुगर २१०. परवा कुणाच्या तरी बारशाला जेवण झालं होतं, असं सुनेनं सांगितलं. मी पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या, हलकं खा म्हटलं. शेजारच्या खोलीत, माझ्या खुर्चीपासून सात पावलांवर, ईसीजीचं मशीन क्रोशाच्या पांढऱ्या रुमालाखाली झाकलेलं होतं. पट्टी काढायला पाच मिनिटं लागतात.

संध्याकाळी सातला मुलाचा फोन आला. आईला दरदरून घाम सुटलाय, दोनदा उलटी झाली, हातपाय गार पडलेत. मी म्हटलं, तसंच गाडीत घाला आणि घेऊन या. आल्या तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. पट्टी मशीनमधून सरकत बाहेर येत होती आणि तिसऱ्या लीडच्या रेघेनं मान वर काढलेली मला दिसली तेव्हा माझ्याच पोटात खड्डा पडला. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक. ॲस्पिरिन चावायला दिली, बाकीच्या गोळ्या दिल्या, ॲम्ब्युलन्स बोलावली, कॅथलॅबला फोन करून ठेवला. रात्री दहाच्या सुमारास स्टेंट पडला. वाचल्या.

तीन आठवड्यांनी त्या तपासायला आल्या तेव्हा अंगावर बऱ्यापैकी तजेला होता. पिशवीत माझ्यासाठी पावट्याच्या शेंगा आणल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात त्या म्हणाल्या, "म्या सांगितलं हुतं की तुमास्नी." त्यात तक्रारीचा लवलेश नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. त्या गेल्यावर मी जुना केसपेपर काढला. त्या सकाळच्या तारखेपुढे माझ्याच हस्ताक्षरात इंग्रजीत दीड ओळ होती: नॉन-स्पेसिफिक कम्प्लेंट्स, ॲसिडिटी, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह.

'कसंतरी' कुठेच नव्हतं.

बाईंनी सांगितलेला एकमेव शब्द मी उतरवूनच घेतला नव्हता. त्याऐवजी मी माझा शब्द लिहिला होता, आणि माझा शब्द काहीच सांगत नव्हता. वयस्कर बायकांना, त्यातून शुगर असलेल्यांना, हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नसतं, हे मला तोंडपाठ आहे. वर्षानुवर्षांच्या साखरेनं आतल्या नसा बोथट होतात, त्यामुळे हृदय ओरडलं तरी त्याचा आवाज वरपर्यंत पोचत नाही. घाम, मळमळ, गळून जाणं, जीव घाबरा होणं, एवढंच काय ते हाती लागतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी पानभर लिहिलं असतं. समोर ६२ वर्षांची बाई बसून तेच सांगत होती आणि मी तिला छातीत दुखतंय का, असं विचारत होते.

मग ते डोक्यातून जाईना. रात्री कराडच्या पुलावरून घरी येताना खालच्या काळ्या पाण्याकडे बघत मी एकच विचार करत असे, की गेल्या २६ वर्षांत मी अशी किती भाषांतरं केली असतील.

कॉलेजात आम्हाला हिस्टरी घ्यायला शिकवत तेव्हा पहिला नियम असायचा: तक्रार पेशंटच्या स्वतःच्या शब्दांत लिहा. आम्ही मान डोलवायचो आणि ती इंग्रजीत लिहायचो. ती इंग्रजीत लिहिली की पेशंटची राहतच नाही, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि शिकवणाऱ्यांच्याही आलं नसावं. दुसऱ्या वर्षाला वॉर्डात एक आजोबा होते, पोटाचे. ते म्हणाले, "पोटात कुणीतरी धुणं पिळल्यागत हुतंय." मला ते इतकं स्वच्छ दिसलं, दोन्ही हातांनी पिळा घालणारी बाई, मध्ये थांबून पुन्हा पिळणारी, की मी ते तसंच देवनागरीत लिहून टाकलं. आमच्या सीनियरनं त्यावर लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, पेन ॲब्डोमेन, सिव्हिअर. त्या रेघेचा मला राग आला नव्हता. उलट आपण अजून घरच्या भाषेत विचार करतो याची लाज वाटली होती. पुढे ती लाज राहिली नाही, कारण घरच्या भाषेत विचार करणंच राहिलं नाही.

वास्तविक त्या आजोबांच्या एका वाक्यात किती होतं! पिळा येतो आणि सुटतो, म्हणजे आतडं किंवा नळी अडलीय आणि ती अडथळा ढकलायचा प्रयत्न करतेय. असा माणूस खाटेवर एका कुशीवर टिकत नाही, उठतो, बसतो, येरझाऱ्या घालतो. ज्याच्या पोटात पू पसरलाय किंवा आतडं फुटलंय, तो मात्र गुडघे पोटाशी घेऊन गच्च पडून राहतो, खाटेला धक्का लागला तरी कळवळतो. लाल रेघेनं या दोघांना एका ओळीत बसवलं होतं.

माझी आजी कृष्णाकाठच्या खेड्यातली. शाळेत गेलेली नव्हती. मी नऊ वर्षांची असताना माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं, नखाच्या कडेला. आजीनं बोट हातात घेतलं आणि विचारलं, "ठसठसतंय का ठणकतंय?" मला दोन्हींतला फरक कळेना. मग तिनं तिचं बोट माझ्या तळहातावर हळूहळू टकटक केलं. "ही ठसठस." आणि मग मूठ वळून खलबत्त्यात घाव घालावा तशी आपटली. "ह्यो ठणका." मी म्हटलं, ठसठसतंय. तिनं अळशीचं पोटीस बांधलं. त्याचा तो गरम, तेलकट, किंचित खवट वास मला अजून येतो. दुसऱ्या रात्री मात्र मी झोपले नाही. हात खाली सोडला की बोटात घण बसत होते, वर धरला की जरा कमी. पहाटे आजीनं आजोबांना उठवलं. "पोरीला ठणका लागलाय. आता पोटीस न्हाई, डाक्टर." डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला आणि मी तिथेच खुर्चीत झोपले. बारा-तेरा वर्षांनी सर्जरीच्या वॉर्डात सर सांगत होते, बोटाच्या इन्फेक्शनमध्ये ठणक्यानं एक रात्र झोप उडाली की आत पू झालाय असं समजा आणि वाट बघू नका. मी वहीत ते इंग्रजीत उतरवून घेतलं. आजीची आठवणसुद्धा झाली नाही.

आता होते. आता वाटतं, दवाखान्यात येणारी माणसं माझ्यापुढे रोज केवढा खजिना ओतत असतात. उसण भरते, चमक निघते, कळ येते, ठणका मारतो, कंबर धरते, डोकं उठतं, पाय भरून येतात, मान आखडते, पोटात कालवतं, छातीवर दडपण येतं, घशाशी येतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. प्रत्येक दुखण्याला वेगळं क्रियापद. ताप म्हटला तर नुसता ताप कधी नसतो. दुपारनंतर अंगात कणकण येते असं कुणी महिनाभर सांगत असेल तर मी टीबीचा विचार करते, आणि हुडहुडी भरून दात वाजायला लागतात असं म्हटलं की मलेरिया किंवा मूत्रपिंडातलं इन्फेक्शन शोधते. हे शब्द ज्यांनी घडवले त्यांनी थर्मामीटर पाहिला नव्हता. पण पिढ्यान् पिढ्या आजारी माणसाच्या उशाशी बसून त्यांनी नीट बघितलं होतं.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. वेदना मेंदूपर्यंत कशी पोचते, वाटेत तिचं दार कसं उघडतं-मिटतं, याचा सिद्धांत त्यांनी पॅट्रिक वॉल यांच्यासोबत १९६५ मध्ये मांडला, तो आम्हाला फिजिऑलॉजीत होता. पण याच माणसानं रुग्णांच्या तोंडचे शब्द गोळा केले आणि १९७५ मध्ये ७८ शब्दांची, २० गटांत लावलेली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, हे मला फार उशिरा कळलं. ठोके पडल्यासारखं, सुरी खुपसल्यासारखं, भाजल्यासारखं, असे शब्द, आणि त्यांचा दुखण्याच्या प्रकाराशी असलेला संबंध. वेदनेच्या शास्त्रात ही प्रश्नावली जगभर वापरतात. ते वाचलं त्या रात्री मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून मराठी शब्द लिहायला बसले. भगभग, चरचर, चुरचुर, शिणक, सणक, रग, पेटका, वांब... बऱ्याच वेळानं वर बघितलं तर पान भरलं होतं आणि घड्याळात साडेबारा वाजले होते.

आणि हा केवळ भाषेचा जिव्हाळा नाही, शब्दावर औषध ठरतं. गुडघा दुखतो, ठणकतो, बसून उठताना धरतो, याला एक गोळी. पायांची आग होते, विजेचा झटका बसल्यासारखी सणक जाते, मुंग्या येतात, चादर लागलेली सोसत नाही, याला ती गोळी उपयोगाची नाही. इथे दुखणं नसेचंच आहे, त्याची औषधं निराळी. हा फरक एक्सरेत दिसत नाही, रक्तातही दिसत नाही. तो फक्त माणसाच्या बोलण्यात असतो.

चार वर्षांपूर्वी मला नागीण झाली. डाव्या बरगड्यांवरून पाठीकडे, ब्लाउजची शिवण जिथे येते नेमकं तिथे. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या नसेच्या गाठीत वर्षानुवर्षं निजून असतो आणि कधीतरी जागा होतो, हे मी शेकडो पेशंटना समजावलंय. ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञांना फोनवर मी म्हटलं, बर्निंग पेन आहे, दहापैकी सात. त्यांनी औषधं सांगितली, योग्य तीच सांगितली. रात्री आई खोलीत आली. तिनं विचारलं, "कसं होतंय गं?" मी म्हटलं, "सोललेल्या जागी मीठ चोळून कुणी वर फुंकर घालतंय असं." आई काही बोलली नाही. तिनं आधी पंखा बंद केला. मग कपाटातून तिची एक जुनी, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली सुती साडी काढली, मला ब्लाउज उतरवायला लावला आणि ती साडी सैलसर अंगाभोवती गुंडाळली. पंखा! चार तास मी त्या पंख्याखाली कळवळत होते. नसेच्या दुखण्यात वाऱ्याची झुळूकसुद्धा सोसत नाही हे मला ठाऊक होतं, पण दहापैकी सात या आकड्यात वारा कुठेच नव्हता. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जात नाही, ती एकाच बाजूच्या नसेवर येते, त्यामुळे विळखा पुरा होतच नाही, असं मी आईला ठामपणे सांगितलं. आणि दिवा मालवल्यावर हात पाठीमागे नेऊन ती कुठवर आलीय ते चाचपून बघितलं.

शब्द नेहमी सापडतातच असं मात्र नाही, आणि सापडले तरी ते बोलायची सोय असतेच असंही नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे ऊसतोडीला बीडकडची माणसं येतात. फडाच्या कडेला कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एक दिवस काम चुकलं की खाडा. त्यातली एक बाई, तिशीच्या आतबाहेरची, तीन वेळा माझ्याकडे आली. दर वेळी एकच, कंबर दुखती. आठ-आठ, दहा-दहा तास वाकून तोडणाऱ्या, डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईची कंबर दुखणारच. तिन्ही वेळा मी दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या. चौथ्या वेळी नवरा औषध आणायला खाली गेला तेवढ्यात ती जमिनीकडे बघत म्हणाली, "अंगावरून जातंय, म्याडम. दोन वर्सं झाली." तिच्यापाशी शब्द होता. तो बोलायला तिला एका मिनिटाचा आडोसा हवा होता, आणि मी तीन वेळा दार सताड उघडं ठेवून बसले होते.

राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध लिहिला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हे आकडे शिकताना मला वाटायचं की प्रश्न दवाखाना लांब असण्याचा आहे. तो आहेच. पण ती बाई माझ्या दवाखान्यात, माझ्यासमोर, स्टुलावर बसली होती. मी बाई असूनसुद्धा.

मावशींच्या प्रसंगानंतर मी एक केलं. केसपेपरवर तक्रारीची पहिली ओळ मी मराठीत लिहायला लागले, पेशंटच्या तोंडून येईल तशी, त्याच्याच बोलीत. खाली मग माझं इंग्रजी. सुरुवातीला हात अडखळत होता, कारण कानावर पडलेलं वाक्य हातापर्यंत येईतो इंग्रजी झालेलं असे. माझ्याकडे शिकाऊ म्हणून येणारी एक मुलगी म्हणाली, मॅडम, हे विम्याच्या क्लेमला चालत नाही. खरंय, चालत नाही. क्लेमसाठी खालची ओळ असते.

दुसरं म्हणजे गप्प बसायला शिकतेय. हे लिहिण्याइतकं सोपं नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकल यांनी डॉक्टर-पेशंटच्या भेटी टेप करून तपासल्या, तेव्हा पेशंटनं बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. मावशींना मी १८ सेकंदही दिले नव्हते. कालधरनं कसंतरीच हुतंय, एवढं म्हणायला तीन सेकंद लागतात.

पण गप्प बसलं की सगळं उलगडतं, असंही मी म्हणणार नाही. एक निवृत्त गुरुजी मागच्या वर्षी हाच शब्द घेऊन आले. कसंतरी होतं. मावशींची धास्ती माझ्या मनात होतीच. मी लगेच पट्टी काढली, नॉर्मल. चार दिवसांनी पुन्हा कसंतरी, पुन्हा पट्टी. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून आणायला सांगितलं. तोही चांगला. चौथ्या भेटीत मी पेन खाली ठेवून नुसती बसले. बराच वेळ ते हातातल्या काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "सकाळी चहा ठेवताना एकच कप पाणी मोजायचं म्हटलं की होतं." त्यांच्या पत्नी भाद्रपदात गेल्या होत्या. त्याला माझ्यापाशी गोळी नव्हती. आम्ही वीस मिनिटं बोललो. ते गेले तेव्हा त्यांचे खांदे जरा सैल झालेले वाटले, आणि मलाही बरं वाटलं. मग दार उघडलं तर बाकावर चौदा माणसं होती आणि एका बाईच्या मांडीवर तापानं फणफणलेलं दोन वर्षांचं मूल. कंपाउंडरनं ओळीतून आधी आत पाठवायला हवं होतं, पण मी दार लावून घेतलं होतं म्हणून तो बिचारा थांबला होता. गुरुजींना दिलेली वीस मिनिटं त्या मुलाची होती. हा हिशेब मला अजून मांडता आलेला नाही. दिवसाला साठ-सत्तर माणसं बघायची आणि प्रत्येकाच्या शब्दासाठी थांबायचं, हे एकाच सकाळी जमत नाही. कुणासाठी थांबायचं ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवायचं कशावरून, तर पुन्हा त्याच पहिल्या वाक्यावरून.

१७६८ साली लंडनच्या डॉक्टरांपुढे विल्यम हेबर्डन यांनी हृदयाच्या दुखण्याचं वर्णन वाचून दाखवलं. पुढे १७७२ मध्ये ते छापून आलं. त्यांनी या आजाराला अंजायना हे नाव दिलं. तो लॅटिन शब्द वेदनेचा नाही, गुदमरण्याचा, आवळलं जाण्याचा आहे. नाव का दिलं ते सांगताना दुखण्याची जागा, गुदमरल्यासारखं वाटणं आणि सोबतची घालमेल, या तीन गोष्टी त्यांनी धरल्या होत्या. घालमेल! आपल्या पुस्तकांत अँगॉर ॲनिमी असाही एक शब्द येतो, आपला प्राण चाललाय अशी माणसाला आतून होणारी जाणीव. कॉलेजात तो शब्द मला फार भारदस्त वाटायचा. माझी आजी त्यालाच जीव घाबराघुबरा होणं म्हणायची, आणि शेजारीपाजारी कुणी तसं म्हणालं की हातातलं काम टाकून आधी त्याच्याजवळ जाऊन बसायची.

मावशी परवा आल्या होत्या. आता दर महिन्याला येतात. ईसीजी ठीक, ब्लडप्रेशर ठीक, शुगर पूर्वीपेक्षा बरी. मी पेन हातात घेऊन विचारलं, "मावशी, कसं वाटतंय?" "ब्येस हाय." मी थांबले. त्यांनी माझ्या थांबण्याकडे जरा नवलानं बघितलं. बाहेर ट्रॉली गेली, खिडकीची काच थरथरली, मळीचा आंबूस वास आत आला. सून म्हणाली, "आत्यांची चप्पल सारखी पायातनं सुटती. वाटंत कुठं ऱ्हाती ते कळतबी न्हाई त्यांस्नी. परवा बाजारातनं एका पायानं आल्या." मावशींनी तिला हातानं गप्प केलं. "काय तरीच. त्यात डाक्टरला काय सांगायचं?" मग माझं पेन अजून कागदावर टेकलेलंच आहे हे बघून त्या थोडं थांबल्या, आणि जपून, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं म्हणाल्या, "पायाखाली कापूस पसरल्यागत लागतंय, बाई. भुई लागतच न्हाई."

ते वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं. मग त्यांना तपासणीच्या टेबलावर बसवलं आणि टेबलावरचा दिवा खाली वळवला. चपला दाराबाहेर काढून आल्या होत्या, तळपाय धुळीनं माखलेले. ओल्या कापसानं उजवा तळपाय पुसायला घेतला, आणि टाचेच्या वर, मऊ भागात, एक काळा ठिपका लागला. अंगठा फिरवला तर टोचला. बाभळीचा काटा, चांगला अर्ध्या इंचाचा, आत मोडलेला, भोवती कातडी पिवळट झालेली. मी चिमट्यानं तो धरला, ओढला, वर दिव्यापाशी नेला. मावशी माझ्या चेहऱ्याकडे बघत शांत बसल्या होत्या, पाय हललासुद्धा नव्हता.

"आगं बाई," त्या म्हणाल्या, "ह्यो कवा लागला?"